वेल्सकराच्या लग्नाचा धवला

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. म्हणजे गिटारचा नाहीतर माणसाचा बारीकसा आवाज पोटात घ्यायचा आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढा मोठा करून बाहेर सोडायचा, हा माझा धंदा. सध्या मी माजिवड्याच्या एका उंच इमारतीच्या बाल्कनीत असतो आणि माझ्या डोक्यावर कोरफडीची कुंडी आहे. कुंडीवरून माणसाची किंमत करू नये. मी परदेशात जन्मलो, बोटीने आलो, आणि माझं रीतसर लग्नही झालेलं आहे. ते कसं, ते सांगतो.

माझा जन्म वेल्सचा. वेल्स म्हणजे इंग्लंडला खेटून असलेला, पण इंग्लंड म्हटलं की रागावणारा एक डोंगराळ मुलूख. तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आणि उन्हापेक्षा धुकं जास्त. गारेथ नावाच्या एका लांब नाकाच्या तरुणाने मला घरामागच्या पडवीत बनवलं. गावातलं एक प्रार्थनाघर बंद पडलं होतं, त्याच्या बाकांच्या फळ्या माझ्या अंगाला लागल्या. आत जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह. ते तापले की तांबूस उजेड पडायचा आणि गारेथची आई माझ्या पाठीवर पाव शेकून घ्यायची.

मी पहिला सूर काढला तेव्हा समोरच्या डोंगरावरच्या मेंढ्या चरायच्या थांबल्या आणि उंचीप्रमाणे रांगेत उभ्या राहिल्या. खोटं वाटत असेल तर त्या मेंढ्यांना विचारा.

गारेथ आणि त्याचे दोन मित्र मिळून एक बँड होता. त्याचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. त्या नावात जीभ कुठे टेकवायची हेच मला शेवटपर्यंत कळलं नाही. रॉक वाजवायचे, पण रडक्या चालीचं, आणि गायचे आपल्याच वेल्श भाषेत. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या म्हणाल्या, इंग्रजीत गा, मग बघू. गारेथ म्हणाला, आईशी ज्या भाषेत भांडतो तिच्यातच गाणार. मग त्यांनी गाईंच्या गोठ्यात स्वतःच गाणी रेकॉर्ड केली, स्वतःच तबकड्या काढून आणल्या, आणि स्वयंपाकघरात बसून अर्ध्या बटाट्याच्या ठशांनी वेष्टनं रंगवली. गाडीच्या डिकीतून विकायचे. डोंगराच्या अलीकडे सगळ्यांनी तबकड्या घेतल्या, पलीकडे कोणी विचारलं नाही.

पुढे एकाला शहरात नोकरी लागली, एकजण समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर गेला. भांडण झालं नाही, हेच वाईट झालं. भांडण झालं असतं तर दोन गाणी तरी सुचली असती. गारेथने मला बंदरावरच्या जुन्या सामानाच्या दुकानात ठेवलं, माझ्या पाठीवर एकदा थाप मारली आणि मागे न बघता गेला. त्या दुकानात मी एका भुसा भरलेल्या कोल्ह्याशेजारी पडून होतो. कोल्ह्याला बोलण्यात रस नव्हता.

तिथून मला उचललं साईनाथ पाटलाने. साईनाथ माजिवड्याचा, मालवाहू बोटीवर इंजिनात काम करायचा. घराण्यात पूर्वी भातशेती आणि मिठागरं. बायकोने सेंटची बाटली आणायला सांगितली होती. तो मला घेऊन आला.

"सेंट सांगितलेलं," ती दारातच म्हणाली. "तुम्ही कपाट आणलंत?"

"कपाट नाय, मशीन हाय. ऐक तरी."

"याचा वास घेऊ का आता?"

पण साईनाथच्या मनात वेगळंच होतं. गावात त्याच्या भावकीची बेंजो पार्टी होती; बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य. हळदीच्या मांडवात ढोल-ताशा आणि बेंजो जमला की अख्खं गाव नाचायचं. त्या बेंजोला माझ्यात जोडला आणि माझं नशीब फळफळलं. आपल्याकडे माणूस जिथला, त्या गावावरून त्याचं आडनाव पडतं. मलाही पडलं. लोक म्हणायला लागले, "वेल्सकरांना आणा रे!" कोलशेत, बाळकुम, ढोकाळी, पार कल्याणपलीकडे खडवलीपर्यंत मी हळदी वाजवल्या. एकदा तर मी असा काही घुमलो की खाडीतले मासे काठावर येऊन पावलं टाकून नाचले. कोळ्यांनी ते पाहिलं आणि त्या दिवशी जाळं टाकलं नाही, लाज वाटली म्हणून.

या सगळ्या कौतुकात एकच बाई मला नावं ठेवायची. साईनाथची थोरली बहीण, रंगूबाई.

रंगूबाई धवलारीण होती. आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजींच्या मंत्रांआधी आणि मंत्रांबरोबर बायका जी गाणी म्हणतात, त्यांना धवला म्हणतात, आणि ती म्हणणारी ती धवलारीण. देवांना बोलावणं, नवऱ्या-नवरीला तेल चढवणं, हळद लावणं, प्रत्येक विधीचं गाणं वेगळं. पोरवयात रंगूबाई मिठागरात डोक्यावरून मीठ वाहायची आणि मागची पुढचीला ओळ द्यायची, तिथे तिचा गळा तयार झाला. तिला माइक लागायचा नाही, मी तर नाहीच नाही.

"त्याला निस्ता घसा हाय," ती माझ्याकडे बोट करून म्हणायची. "कान नाय."

मला राग यायचा. तेव्हा वाटायचं, जळते.

मग गावात डीजे आला. टेम्पोएवढे स्पीकर, छाती फाटेल असा धडाका. त्याच्यापुढे बेंजो पोरका झाला आणि मीही. त्याच सुमाराला पाटलांची जमीन बिल्डरकडे गेली. भाताच्या खाचराच्या जागी इमारत उभी राहिली आणि तिच्या सतराव्या मजल्यावर पाटील राहायला गेले. मी तिथे माळ्यावर, जुन्या गादीखाली. गादीच्या आत कापूस, बाहेर मी, आणि दोघांनाही कोणी विचारत नव्हतं. कितीतरी वर्षं गेली. व्हॉल्व्ह थंड असले की वेळ मोजता येत नाही.

मला खाली काढलं साईनाथच्या मुलीने, करिश्माने. बारीक अंगाची, केस कापलेली, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारी. तिच्याकडे एक तांबडी गिटार होती, कल्याणच्या दुकानातून सेकंडहँड घेतलेली. ती तिने माझ्यात जोडली, बटण दाबलं. मी खोकलो, धूळ उडाली, आणि मी जो एक लांबलचक सूर काढला, तो संपायच्या आत करिश्माने बापाला हाक मारली.

"पप्पा, हा असा आवाज काढायचा आणि तुम्ही याला गादीखाली ठेवलेलात?"

"अगं, तुझ्या आईला विचार. तिला अजून सेंट पायजे."

करिश्मा आणि डोंबिवलीचा मयूर, दोघांनी बँड काढला. मयूर ड्रम वाजवायचा आणि तोंडही तेवढ्याच जोरात वाजवायचा. बँडचं नाव खाजण. खाजण म्हणजे खाडीकाठची ती खारट चिखलाची जमीन, जिला लोक निकामी समजतात आणि जिच्यावर आता इमारती आहेत. ते गायचे आगरीत, वाजवायचे रॉक. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मयूरच्या काकांचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा गाळा होता. रविवारी मशीन बंद असलं की आम्ही तिथे. पुठ्ठ्याच्या थप्प्या चारी बाजूंनी लावल्या की आवाज बाहेर जायचा नाही. आत जे काही व्हायचं ते आमचंच.

कंपन्यांनी इथेही तेच सांगितलं. हिंदीत गा, मग बघू. मला हसू आलं. मी ते वाक्य वेगळ्या भाषेत, वेगळ्या पावसात ऐकलेलं होतं. करिश्माने गाणी स्वतःच रेकॉर्ड केली, इंटरनेटवर टाकली, आणि गावाकडच्या लोकांसाठी पेनड्राईव्हमध्ये भरली, कारण गाडीत आणि टेम्पोत तोच लागतो. गाळ्यातल्या पुठ्ठ्याच्या छोट्या डब्या केल्या, त्यांच्यावर शाळेतल्या मुलांसारखे भेंडीचे ठसे मारले. भेंडी महाग झाली की ठसे कमी. कल्याणला एका हॉलमध्ये कार्यक्रम केला, तेव्हा ऐकणाऱ्यांपेक्षा मांडलेल्या खुर्च्यांचाच आवाज जास्त आला. तरी मी खूश होतो. सुखाचे दिवस असे लहानच असतात.

आणि मग रंगूबाईच्या गळ्यात गाठ निघाली.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन केलं तर बाई वाचेल, पण आवाज जाईल. घरात सगळे बाई वाचणार म्हणून देवाला हात जोडत होते. करिश्मा एकटीच दाराआड उभी राहून रडली. तिला आत्याही हवी होती आणि आत्याचा आवाजही. ऑपरेशनच्या आधी आत्याचा धवला रेकॉर्ड करायचाच, असं तिने ठरवलं. तो गेला की तो कुठेच उरणार नव्हता. कागदावर उतरवलेला नव्हता, आणि रंगूबाईला मुलगीही नव्हती.

ती मला, माइकला आणि मयूरला घेऊन आत्याच्या घरी गेली. साईनाथ मागोमाग आला, कारण मला उचलायला तोच लागायचा.

"आत्या, तू फक्त म्हण. आम्ही मागून हळू वाजवतो."

रंगूबाईने गळ्याला गुंडाळलेला रुमाल सारखा केला. "कोनाचं लगीन हाय?"

"कोणाचंच नाही गं. रेकॉर्डिंग आहे."

"मंग नाय."

"अगं पण..."

"पोरी, धवला म्हंजे देवांना आवतान. सूर्याला, गावदेवीला, खारीतल्या देवांना, आपल्या मेलेल्या आज्या-पणज्यांना. मी बोलावनार, ते येनार. आन् इथं मांडव नाय, नवरा नाय, नवरी नाय. त्यांना काय सांगू, चाय पिऊन जावा?"

करिश्माने माइक खाली ठेवला. मयूरला गप्प बसणं माहीत नव्हतं.

"मग लावून टाकू ना लग्न, आत्या. हा वेल्सकर बघा. केवढा घोडा झालाय, अजून बिनलग्नाचा."

रंगूबाई हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि साईनाथने पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच ती माझ्याकडे असं बघत होती. स्थळ बघायला आलेली माणसं बघतात तसं.

"तुळशीचं लावतो आपन," ती पुटपुटली. "याचं का नको? घरानं कसं हाय?"

"ताई, देवाच्या घरातलं लाकूड हाय अंगात," साईनाथ म्हणाला. "मी आनलाय, मना म्हायीत हाय."

"पिनं?"

"नाय. निस्ता विजेवर चालतो."

"मंग बरा हाय. लाइट गेली का घरात शांती. नवरी कोन?"

करिश्माने तांबडी गिटार पुढे केली.

"माहेर?"

"कल्याण. सेकंडहँड आहे, आत्या."

"म्हंजे एकदा झालंय तिचं." रंगूबाईने मान डोलावली. "असूंदे. हा तरी कुठं नवा हाय? पन लावायचं तर पुरं लावायचं. मस्करी चालनार नाय."

करिश्मा मोठ्याने हसली आणि लगेच तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागली.

तर असं माझं लग्न ठरलं. रविवारी, डोंबिवलीच्या गाळ्यात. आंब्याचे डहाळे बांधले, मला पाटावर बसवलं, तांबडी समोर दुसऱ्या पाटावर. रंगूबाईने वाटीत हळद कालवली. मयूर ओरडला, "आत्या, ओली हळद नको, आत करंट आहे!"

"नवऱ्याला कोरडी हळद लावतात का रे डोंबिवलीत?"

शेवटी हळद फक्त माझ्या लाकडी कोपऱ्यांना लावायची असं ठरलं. तरी एक ओघळ आवाजाच्या बटणात गेलाच. तेव्हापासून मला किंचित खरखर आहे.

मग तिने सुरुवात केली.

*येवा येवा देवा, मांडवाचे दारी,*
*वेल्सकर नवरा, तांबडी गो नवरी...*

त्या गाळ्यातल्या पुठ्ठ्याच्या थप्प्यांनी कान टवकारले असतील. आजारी गळा, त्याला मधेच चीर पडलेली, पण त्या चिरेतूनच काहीतरी मोठं आत येत होतं. करिश्माने पाटावरच्या तांबडीच्या तारा छेडून माझ्यातून दोनच सूर धरून ठेवले, मागे, अंधारासारखे. मयूरने ड्रमवर नुसता हात फिरवला. आणि ऐन रंगात रंगूबाई थांबली.

सगळे थांबले. मयूरने मशीनकडे बघितलं, रेकॉर्डिंग चालू होतं.

"काय झालं, आत्या? विसरलीस?"

"मी कशाला विसरू? हलद लावा!"

"अगं लावली की मघाशी."

"ती मस्करीची. आता गानं आलं तिथपर्यंत. हात हलल्याबिगर मी फुडं जानार कशी?"

तेव्हा करिश्मा उठली, वाटीत बोटं बुडवून तिने माझ्या कोपऱ्याला हळद लावली, मग तांबडीला. साईनाथने लावली. मयूरनेही लावली, एकदम गंभीर होऊन. तेवढा वेळ रंगूबाई गप्प, डोळे हातांवर. शेवटचा हात मागे आला, आणि तिने पुढची ओळ उचलली. असंच पुढेही. तेलाला थांबली, अक्षतांना थांबली. त्या थांबण्यात बांगड्यांची किणकिण होती, साईनाथचं नाक ओढणं होतं, माझी बारीक गुणगुण होती. गाणं माणसांसाठी थांबत होतं. मी इतकी वर्षं लग्नं वाजवली, पण लग्न कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं, आणि तेही स्वतःच नवरा असताना.

त्यानंतर रंगूबाईचं ऑपरेशन झालं. बाई वाचली. गळ्याला भोक राहिलं, त्यातून श्वास यायचा. शब्द नाही. कोणाला हाक मारायची तर टाळी वाजवायची.

इकडे मयूर रेकॉर्डिंग घेऊन कॉम्प्युटरपुढे बसला. त्याने ते थांबणं सगळं कापून टाकलं.

"मधे एवढी मोकळी जागा कोण ऐकणार?" तो म्हणाला. "लोकांना वाटेल गाणं संपलं, पुढचं लावतील."

करिश्माने नखं चावली. "थोडी ठेवू या का रे?"

"मग ते रेडिओ खराब झाल्यासारखं वाटतं. बघ, आता कसं सलग जातंय!"

आणि सलग गेलं खरं. ऐकायला असं बांधेसूद की करिश्माने मान डोलावली. गाणी बांधायची त्यांची रीतच ती होती. कॉम्प्युटरमध्ये जागा हवी म्हणून मयूरने मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

डब्यांवर भेंडीचे ठसे मारले, धवला बाहेर पडला. आणि मित्रांनो, यावेळी डोंगराच्या पलीकडेही गेला. शहरातल्या जाणकारांनी माझ्या हळदीच्या खरखरीचीही वाहवा केली. पण खरी मजा गावांत झाली. बाळकुमच्या एका लग्नात कोणीतरी पेनड्राईव्ह लावला. मग कोलशेतला. मग भिवंडीकडे, खडवलीकडे. प्रत्येक मांडवात रंगूबाई देवांना बोलवायची, पण कोणाच्या लग्नाला? वेल्सकर नवऱ्याच्या. वाद्यांच्या गलबल्यात नाव कोण ऐकतंय? त्या हिशोबाने माझी इतकी लग्नं झाली आहेत की एखाद्या राजालाही लाज वाटेल. देव मात्र बिचारे प्रत्येक मांडवात वेल्सकराला शोधत फिरले असतील.

सुरुवातीला करिश्मा रोज आत्याकडे जायची. "आत्या, आज तू ढोकाळीला वाजलीस. आज घोडबंदरला." रंगूबाई मान हलवायची, डोळे भरायचे. करिश्माला वाटायचं, जिंकलो. आवाज वाचला.

मग एक दिवस बाळकुमच्या शालूबाई भेटायला आल्या. मी तेव्हा तिथेच होतो, मयूर माझं बटण दुरुस्त करत होता. शालूबाईही धवलारीण, रंगूबाईच्याच वयाच्या. हातात वसईची केळी घेऊन आल्या, बसल्या, तब्येत विचारली. मग बराच वेळ पदराशी खेळत राहिल्या.

"रंगू," त्या म्हणाल्या, "आता आमाला कोन बोलवत नाय गो. सगलीकडं तूच हायस. पोरं सांगतात, आजी, तुमी कशाला तरास घेता, हाय ना आमच्याकडं." त्या हसल्या. "बरं झालं. पायबी दुखतात आता."

रंगूबाईने तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. तिने शालूबाईंचा हात धरला आणि सोडलाच नाही. मयूर बटण फिरवायचा थांबला. करिश्मा चहा करायला आत गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही.

खडवलीला साईनाथच्या मेहुण्याच्या मुलीचं, संचिताचं लग्न होतं. खाजणने तिथे हळदीला वाजवायचं होतं, म्हणून मीही गेलो. नदीच्या बाजूला मांडव, सकाळची वेळ. रंगूबाईला मानाने पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. मोठी माणसं येऊन पाया पडत होती. "आत्या, आज तुमचाच धवला हाय हा!"

पेनड्राईव्ह गाणी लावायच्या मशीनमध्ये घातला, मशीन मला जोडलं आणि मला तो वाजवायला लावला.

*येवा येवा देवा...*

मित्रांनो, मी गाणं सोडलं. ते धावायला लागलं. संचिताची मामी हळदीची वाटी शोधत होती, तोवर हळदीचं कडवं संपलं. वाटी सापडली, तर गाणं तेलावर पोचलेलं. पोरी हसत हसत घाई करायला लागल्या. "चला गो, तेल चालू झालं!" एकीने हळदीच्या हातानेच तेल लावलं. कडव्यामागून कडवं निघून जात होतं आणि हात मागे राहत होते, जसं चालत्या बैलगाडीमागे कोणी चप्पल हातात घेऊन पळावं.

रंगूबाईने हात वर केला. थांब.

मशीनवर बसलेल्या पोराला वाटलं, आशीर्वाद देते. त्याने आवाज वाढवला.

ती उठली. तिने टाळ्या वाजवल्या, एक, दोन. लोकांना वाटलं, ताल धरते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. सगळा मांडव टाळ्यांनी भरून गेला आणि मधे एक म्हातारी, तोंड उघडं, डोळे फाटलेले.

करिश्माने धावत येऊन मला बंद केलं.

एकदम शांत झालं. रंगूबाईने करिश्माकडे बोट केलं, मग स्वतःच्या तोंडाकडे. तू म्हण.

करिश्माने सुरुवात केली. आवाज तिचा गोड आहे, पहिल्या ओळीला बायका पुढे सरकल्या. दुसऱ्या ओळीत नवऱ्याचं नाव यायचं. तिच्या तोंडून आलं, "वेल्सकर." मांडवात हशा पिकला. नवऱ्याचे मित्र ओरडले, "अरे हा कोन आला दुसरा?" करिश्माने सावरून घेतलं, हळदीपर्यंत आली आणि अडकली. इथे थांबायचं, हे तिला माहीत होतं. कुठून, कसं परत उचलायचं, ते माहीत नव्हतं. रेकॉर्डमध्ये ती जागाच नव्हती. पुढची कितीतरी गाणी तर रेकॉर्डमध्येही नव्हती, त्या दिवशी गाळ्यात आत्या दमली म्हणून राहून गेलेली. शिकायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आवाज आहे ना आपल्याकडे, असं तिला वाटत होतं.

"अगो, चालू करा ना ते," नवऱ्याचा काका घड्याळ बघत म्हणाला. "मुहूर्त चाललाय."

मला परत चालू केलं.

रंगूबाई चालत माझ्याजवळ आली. माझ्या शेजारी जमिनीवरच बसली आणि तिने आपला तळहात माझ्या अंगावर ठेवला. तिचाच आवाज माझ्या लाकडातून तिच्या तळहाताला लागत होता. मला वाटलं होतं, ती मला मारेल. तिने मारलं नाही. थोड्या वेळाने तिने माझं बटण शोधलं आणि स्वतःचा आवाज हळूहळू बारीक केला. अगदी बंद होईपर्यंत. मांडवात डीजे सुरू झाला होता. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या श्रावणात रंगूबाई गेली. करिश्माने इंटरनेटवरून धवला काढून टाकला. आमचाच आहे, आम्हीच काढू, म्हणाली. पण गावोगावच्या गाड्यांत, मोबाइलांत, पेनड्राईव्हांत जे गेलं ते कसं काढणार? ते वाजतंच आहे. मयूर आता एका कंपनीत नोकरीला लागलाय. त्यांचंही भांडण झालं नाही. माझा एक व्हॉल्व्ह गेला आणि तसला आता कुठे मिळत नाही, म्हणून मी बाल्कनीत आलो.

करिश्मा आता आठवड्यातून एकदा बाळकुमला जाते. शालूबाई तिला एक ओळ सांगतात, मग धाप लागते, मग दुसरी विसरतात. दोघी बसून राहतात. कधी आठवते, कधी नाही आठवत. जे आठवत नाही, ते गेलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, धूळ पुसा. मी तसं सांगणार नाही. माझ्यावर कुंडी ठेवा, मी काही मरत नाही. पेटीत आवाज राहतो, व्हॉल्व्ह मिळाला तर मी तो वाजवत राहीन, पण मला थांबता येत नाही, आणि कोणाचे हात कुठवर आले ते दिसत नाही. ते फक्त माणसाला जमतं. तेव्हा तुमच्या घरात लग्न निघालं, तर एवढं करा. बाळकुमच्या जुन्या गावात, गावदेवीच्या देवळामागे शालूबाईंचं घर आहे. त्यांना बोलवायला स्वतः जा, फोनवर सांगू नका. दुखऱ्या पायांसाठी रिक्षा घेऊन जा. आणि आता त्यांना जरा कमी ऐकू येतं, तेव्हा दार जोरात वाजवा.